दोन तोरणं

श्रावण सरत आला की बुलढाण्याचं घर मला खायला उठतं. सोयाबीन शेंगेवर आलेलं असतं, मूग तोडून झालेला असतो, कपाशीला पाती लागलेली असते आणि मोताळ्याच्या बाजारात दोरीवर गोंडे टांगलेले असतात. लाल, पिवळे, जांभळे. आता प्लास्टिकचेही आलेत, हातात घेतले की बोटांना टोचतात, पण रंग तेच. मी एसटीतून उतरते, गोंड्यांची एक जोडी घेते आणि पुढची गाडी पकडून माहेरी जाते. माहेरी बैल नाहीत. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, ट्रॅक्टर घेतला त्याला बरीच वर्षं झाली. तरी मी गोंडे घेतेच. वहिनी ते खुंटीला अडकवते आणि दरसाल म्हणते, "ताई, तुमाले काही कामधंदा नाही का हो?"

यंदाही म्हणाली. यंदाचा पोळाही होऊन गेला. पुरण पचलं, लाज काही पचत नाही. ती घशाशी येते आणि तिथंच बसते, म्हणून लिहायला घेतलं.

लहानपणीचा पोळा आठवायचा तर मला आदली सांज आठवते, खांदमळणीची. नदीवरून धुऊन आणलेले बैल गोठ्यात उभे, अंगाला ओल्या गवताचा वास. बाबा लोण्यात हळद कालवायचे आणि पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्यावर चोळायचे. वर्षभर जू घासून घासून तिथं कातडं दगडासारखं झालेलं असायचं. बाबांचा हात एरवी फार जड, आमच्या पाठीला ठाऊक होता. पण त्या सांजेला तो हात असा काही फिरायचा की मला बैलाचा हेवा वाटायचा. मग बाबा बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

मी विचारायची, "बाबा, बैलाले समजते का?"

"समजो का न समजो. आवतण देल्याबिगर कोनाले जेवाले बलावता येत नाही, पोरी. अन् आवतण नसलं तं कोनाच्या दारात जाव नाही."

बैलाला आवतण होतं. गावात काही माणसांना नव्हतं. हे मला त्या वयात दिसत होतं, खटकत मात्र नव्हतं. खोटं कशाला बोलू?

तर तोरण. मारुतीच्या देवळापुढच्या मैदानात दोन खांबांना दोर बांधायचा, त्याला आंब्याची पानं, आणि त्याखाली गावच्या जोड्या ओळीनं उभ्या. पहिली जोडी आमची. तो आमच्या घराचा मान. डफडी वाजायची, हौशी माणसं झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणायची, एकमेकांना टोमणे मारायची, सगळं मैदान हसायचं. मग तोरण तुटायचं आणि बैल घरोघर निघायचे. नाल्यापलीकडच्या बौद्धवाड्यातही बैल होते. चांगले होते, आमच्यापेक्षा चांगले. ते नाल्याच्या अंगाला, बाभळीखाली उभे असायचे. तोरण तुटलं, पोरांनी पानं ओरबाडून नेली, मैदान रिकामं झालं, की मग ते त्या रिकाम्या दोन खांबांमधून निघायचे. कोणी त्यांना येऊ नका असं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. आमच्या गावात याला 'रीत' म्हणत, आणि रीत म्हटलं की मग कोणी काही केलेलं नसतं, ते आपोआप झालेलं असतं. आहे की नाही सोय?

बुलढाण्याच्या शाळेत मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन. पोरं पाठ करायची, पेपरात उतरवायची, मी बरोबरची खूण करायची. वर्गात ते वाक्य खरं होतं.

चांद्या आमच्या गोठ्यात जन्मलेला गोऱ्हा. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चांद्या. मोठा झाला, जुंपला गेला आणि आमच्या जोडीत पुढं आला. काही वर्षं गावचं तोरण त्याच्या शिंगांवरून तुटलं. डफडं वाजलं की त्याचे कान उभे राहायचे आणि कोणी न हाकता तो आपल्या जागी जाऊन ठाकायचा. दादाला त्याचं केवढं कौतुक! "माहा चांद्या मानाचा हाय, त्याले सांगा लागत नाही."

मग ट्रॅक्टर आला. दादानं बैल विकले आणि चांद्या घेतला सुखदेवभाऊंनी. सुखदेवभाऊ नाल्यापलीकडचे, नाल्याला लागूनच त्यांचं शेत. शाळेत माझ्या वर्गात होते. हजेरी घेताना मास्तर सुखदेव म्हणायचे, बाकी सगळा गाव अजून सुख्या म्हणतो. वय झालं, नातू झाला, तरी सुख्याच. चांद्याला न्यायला आले तेव्हा वहिनीनं चांद्याला ओवाळलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "सांभाळजा हो त्याले." सुखदेवभाऊ म्हणाले, "लेकरासारका सांभाळतो, वहिनी."

त्या वर्षीचा पोळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. उघडीप होती. मैदानात चिखल वाळून पापुद्रे धरले होते. आम्ही बाया पंचायतीच्या ओट्यावर दाटीनं बसलेल्या. चांद्याच्या शिंगांना लाल रंग, पाठीवर झूल, आणि तो बाभळीखाली उभा. बैल तोच, गेल्या वर्षी मानाचा. फक्त कासरा दुसऱ्याच्या हातात होता, तेवढ्यानं त्याची जागा नाल्याला गेली.

डफडं वाजलं. चांद्याचे कान उभे राहिले.

तो निघाला. सुखदेवभाऊंनी कासरा ओढून धरला, पाय रोवले, पण त्याच्यापुढं माणसाचं काय चालतं? घुंगरमाळ वाजवत तो सरळ मैदानात शिरला, जोड्यांच्या पुढून गेला आणि आपल्या जुन्या जागी, तोरणाखाली, मानानं झोकात उभा राहिला. कासऱ्याला लटकत सुखदेवभाऊ आले. आंब्याचं एक पान त्यांच्या टोपीला लागलं. मला तर आधी हसूच आलं. चांद्या, अरे गुलामा, विसरला नाहीस! मी टाळी वाजवायला हात उचलला होता.

आता पोळ्याच्या दिवशी बैलाला हात लावायचा नाही. काठी नाही, चाबूक नाही, मोठ्यानं हाकलायचंसुद्धा नाही. त्याचा सण. चूक बैलाची होती, पण बैलाला मारता येत नव्हतं. म्हणून माणसाला मारलं. सुरुवात माझ्या भावानं केली. सुखदेवभाऊंच्या हातातला कासरा हिसकला आणि त्याच कासऱ्यानं मारलं, पाठीवर, तोंडावर. "काऊन बे, लय मान पाह्यजे काय तुले?" मग आणखी चारजण धावले. चांद्या मधोमध उभा होता, झूल मिरवत, आणि ज्याच्या हातचं लहानपणापासून खाल्लं त्या दादाच्या खांद्याला तोंड घासत होता.

पोलीस आले. सगळं मैदान भरलेलं, पण पाहिलं कोणीच नव्हतं. एकाचं तोंड तिकडं होतं, दुसरा नुकताच आला होता, तिसऱ्याला उन्हात दिसत नाही. मी ओट्यावरून उठले आणि फौजदारापुढं जाऊन बसले. त्यांनी लिहून घेतलं, 'मला विचारल्यावरून सांगते की', आणि मी सांगितलं. माझ्या भावानं मारलं. कासऱ्यानं मारलं. जातीवरून शिवी दिली, तीही सांगितली. खाली सही केली.

दादाला आत ठेवलं होतं, मग जामीन झाला. इकडे गावानं नाल्यापलीकडची चक्की बंद केली. म्हणजे चक्की चालू होती, त्यांचं दळण तेवढं घ्यायचं नाही. किराणा नाही, मजुरी नाही, दूध नाही. अशा बहिष्काराविरुद्धही कायदा आहे, तोही मी शिकवत होते. पण कायद्याचा कागद येईतो चूल विझवून बसता येत नाही. सुखदेवभाऊंच्या बायकोला, पंचफुलाबाईला, तेव्हा बाळंत झालेल्या लेकीसाठी पीठ मागत दुसऱ्या गावी जावं लागलं. कोर्टात उभं राहायची वेळ आली तेव्हा सुखदेवभाऊ म्हणाले, आता काही आठवत नाही. माझ्या जबाबाचं मग काय व्हायचं? तो राहिला तिथंच, दादा सुटला.

मधे शांततेची बैठक झाली. वरून एक साहेब आले होते, भले गृहस्थ, सगळ्यांचं ऐकून घेत होते. त्यांनी तोड काढली. गावात दोन तोरणं लावा. एक देवळापुढं, एक नाल्यापलीकडं. दोन्हीकडं डफडं, दोन्हीकडं पोलीस. कोणाचाच अपमान नको! टाळ्या पडल्या. तेवढ्यात पंचफुलाबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून म्हणाली, "साहेब, आमी तोरण नव्हतं मांगतलं. आमी वाट मांगतली होती."

साहेब म्हणाले, "बाई, समजून घ्या." बाई समजून चुकल्या आणि खाली बसल्या.

तेव्हापासून आमच्या गावात दोन तोरणं लागतात. वर कळवलं जातं, पोळा शांततेत पार पडला. कायद्याला मी नावं ठेवणार नाही. त्या जबाबानंतर गावात सुखदेवभाऊंवर कोणी हात उचलला नाही, ही लहान गोष्ट नाही. उगारलेला हात कायद्यानं धरला. पण हात धरल्यावरही आम्ही काय करू शकतो ते पाहा. आम्ही आंब्याच्या पानांची फाळणी केली, आणि वर समजूतदार ठरलो.

माझं माहेर मात्र बंद झालं. दादानं निरोप धाडला, भावाला बेड्या घालणारी बहीण या दारात नको. किती पोळे मी बुलढाण्यात पाटावर मातीचे बैल मांडून केले! लोकांना सांगताना ताठ सांगायची, मी खरं बोलले. रस्त्यात मोताळ्याची पाटी दिसली की मान फिरवायची. मग वहिनीचं ऑपरेशन झालं, मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले, आणि दादा एक दिवस दाराशी उभा राहून म्हणाला, "पोळ्याले येजो." बस, एवढंच. मी लहान पोरीसारखी रडले. माहेर बाईला कुठल्याही वयात लागतं, आणि त्यासाठी ती काय काय गिळते ते तिचं तिलाच ठाऊक.

आता यंदाचं. चांद्या केव्हाच गेला. सुखदेवभाऊंनी त्याला बांधावर पुरलं, वर कडुनिंब लावला. गावात बैलही राहिले नाहीत. ज्याच्या त्याच्या दारात ट्रॅक्टर. मी खांदमळणीच्या दिवशी पोचले तर घरात हीच चर्चा, देवळापुढच्या तोरणाखाली उभं करायला यंदा एकही जोडी नाही. साऱ्या गावात जोडी एकच, सुखदेवभाऊंची.

दादा खाटेवर बसला होता. म्हणाला, "तू जाय त्याच्याकडं. तुह्यं आयकते तो. तू साक्ष देल्ली होती त्याची."

"जाऊन काय सांगू?"

"सांग का उद्या बैल देवळाकडं पाठव. कासरा आपला पंकज धरीन. त्यानं तिकडंच राहाव, उगाच वांधा नको."

पंकज म्हणजे दादाचा मुलगा, ज्याला बैलाची वेसण कुठून ओढतात ते ठाऊक नाही. मी दादाकडं पाहिलं. दादा म्हातारा झालाय, मान हलते. वहिनी चुलीपुढून म्हणाली, "जा नं ताई, गावाची इज्जत हाय." आणि मी चप्पल घातली. माझ्या आयुष्यात केलेलं एक धड काम होतं, ते हातात घेऊन मी निघाले, ते मोडून बैल आणायला.

सुखदेवभाऊ अंगणात बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावत होते. पळसाचं पान, तोच वास. मला पाहून हात पुसले. "या ताई, या. पंचफुला, चाय ठेव वं, ताई आली." मी चहा प्याले. चांगला झालाय म्हटलं. नातवाची चौकशी केली. आणि मग सांगितलं. बैल पाठवा म्हणतात. कासरा पंकज धरील. तुम्ही... तुम्ही इकडंच थांबा म्हणतात.

'म्हणतात' हा शब्द मी दोनदा वापरला, जसं काही मी पोस्टमन होते.

सुखदेवभाऊ रागावले असते तर बरं झालं असतं. ते परत बैलाच्या खांद्याशी वळले. म्हणाले, "बैलाले आताच आवतण देल्लं म्या, ताई. माह्या दारचं. आता दुसरीकडं कसा पाठवू?" पान पुन्हा लोण्यात बुडवत म्हणाले, "अन् बैलाचं आवतण तुमी आनलं. मालकाचं कुठं हाय?"

मी परत आले. दादाला म्हटलं, जमत नाही म्हणतात. दादा म्हणाला, "माजले."

दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या तोरणाखालून ट्रॅक्टर गेले. बोनेटला झेंडूच्या माळा, समोर नारळ, मोठमोठ्यानं गाणी. धुरानं आंब्याची पानं हलत होती. पोरांना गंमत वाटली. मला नाल्यापलीकडची घुंगरमाळ ऐकू येत होती, मधेमधे, गाणं बदलायच्या वेळी.

पण खरी पंचाईत सांजेला झाली. आमच्या घरी बैलानं पुरणपोळी खाल्ल्याशिवाय कोणी जेवत नाही. बाबांनी हे मोडलं नाही, दादाही मोडत नाही. आमचे बैल गेल्यावरही गावातली एखादी जोडी दारी यायची, यंदा तीही नव्हती. ट्रॅक्टरला पोळी चारता येत नाही! वहिनीला शुगर, सकाळपासून पोटात फक्त चहा, ओठ पांढरे पडलेले. तिनं ताट माझ्या हातात दिलं. पोळी, वर तुपाची धार, कडेला कुंकू. "ताई, तुमी जा. बैलाच्या तोंडी लावा अन् या, म्हंजे लेकरं जेवतीन."

ताटावर पदर झाकून मी पुन्हा नाला ओलांडला. त्यांच्या दारात पळसाची फांदी, बैल दावणीला, पुढ्यात हिरवा चारा. घरातली सगळी पंगतीला बसली होती.

"बैल जेवले, ताई," सुखदेवभाऊ म्हणाले.

"एक घास. वहिनीला शुगर आहे."

ते हात धुऊन बाहेर आले. आवाज चढवला नाही. "काल तुमी निरोप आनला. आज निवद आनला. आवतण काही तुमी आनलं नाही. मले म्हना, सुखदेवभाऊ, बैल घेऊन चला आमच्या दारी. आता येतो. वहिनीच्या हातानं खातीन बैल. म्हना."

पंचफुलाबाई दाराशी येऊन उभी राहिली. मला म्हणायचं होतं फक्त 'चला'. एक शब्द. जबाबात मी पानभर बोलले होते, पोलिसांपुढं, भावाविरुद्ध. पण तेव्हा दार बंद होईल हे मला माहीत नव्हतं, आता माहीत होतं. मी म्हटलं, "घर दादाचं आहे, सुखदेवभाऊ. मी कोण आवतण देणारी?"

"मंग नाही," ते म्हणाले. "माहे बैल तुमच्या ताटातलं खात नाहीत. राग नका मानू."

परतताना नाल्याच्या पुलावर थांबले. पाणी गढूळ, जोरात. पोळी त्यात सोडली, ताट विसळलं. दारात पाऊल टाकलं तसं वहिनीनं विचारलं, "खाल्लं?"

"हो," मी म्हटलं.

"दोघायनंबी?"

"दोघांनीही."

पानं मांडली गेली. पंकज हसला. दादा पहिला घास घेता घेता म्हणाला, "पाहा, लय ऐट करत होता. शेवटी आपल्याच ताटातलं खाल्लं नं त्याच्या बैलायनं." सगळे हसले. वहिनीनं मला पोळी वाढली, वर तूप, आणि मी ती खाल्ली. चांगली झाली होती.

वहिनीच्या तब्येतीसाठी खोटं बोलले, असं मी बुलढाण्याला येईतो स्वतःला समजावत होते. पटलं नाही. तिच्या हातावर साखर ठेवता आली असती. सुखदेवभाऊंच्या हातात जन्मभरात एवढं एकच होतं, एक 'नाही', आणि तेही मी नाल्यात सोडून आले. मार दादानं दिला होता. हे माझं आहे. आता गावभर झालंय की सुख्याच्या बैलांनी मानाच्या घरचा निवद खाल्ला. पुढच्या वर्षी गाव सुखदेवभाऊंना याची आठवण करून देईल.

दादा, हे तुझ्या हाती पडेल. दार लाव, मी समजेन. गोंडे खुंटीला आहेत, ते काढून सुखदेवभाऊंकडं पाठवायला सांगणार होते. पण नको, तेही आवतणाशिवायच होईल.

मला विचारलं कोणीच नाही, तरी सांगते की, त्या सांजेला बैलांनी आमच्या ताटातलं खाल्लं नाही. मी समोर होते. सुखदेवभाऊ नाही म्हणाले.